शून्य रेखांशावरचं शहर पाहायला जाताना

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा सूर्य त्या दिवशीच्या आपल्या सर्वांत उंच जागी पोचलेला नसतो. वर्षभराची सरासरी धरली तर त्याला आणखी एकोणीस मिनिटं लागतात. आपलं घड्याळ बिलोलीच्या सूर्यावर चालतच नाही. ते चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, आणि बिलोली त्या रेषेच्या जवळजवळ पावणेपाच अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. गुणाकार करून पाहा, एकोणीसच येतात.

पण हे अंश मोजायचे कुठून? उत्तर-दक्षिण मोजायला विषुववृत्त आहे, ते निसर्गानं दिलेलं. पूर्व-पश्चिमेला निसर्गानं अशी कुठलीच रेषा आखून दिलेली नाही. ती माणसांनी ठरवली. १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि लंडनजवळच्या ग्रीनिचच्या टेकडीवरून जाणारी रेषा शून्य मानायची, असं ठरलं. म्हणजे बिलोलीच्या शाळेची घंटा, एसटीची सुटायची वेळ, कोर्टाची पहिली हाक हे सगळं साडेसात हजार किलोमीटरवरच्या एका टेकडीशी बांधलेलं आहे. मला लंडनबद्दल सर्वांत आधी हेच सांगावंसं वाटतं. मुलगा किंवा मुलगी तिकडे शिकायला गेली आणि आईवडिलांना जायचा योग आला, तर राजवाडा आणि मोठा पाळणा पाहून परतू नका. त्या शहरात प्रत्येक गोष्ट तशी का आहे याला कारण आहे, आणि कारण कळलं की फिरणं सोपं होतं, स्वस्तही होतं.

घड्याळापासूनच सुरुवात करू. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. काट्यांचं घड्याळ असेल तर ते हातावरून काढून उलटं धरा, सहाचा आकडा वर येईल असं. आपले तीन वाजले असतील तर काटे साडेनऊ दाखवतील, आणि लंडनला त्या क्षणी खरोखरच सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. घड्याळ अर्धं फिरवलं की तासकाटा सहा तासांनी आणि मिनिटकाटा तीस मिनिटांनी सरकतो, त्या हिशेबाची ही किमया. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र तिथली घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा, आणि ही युक्ती चालत नाही. घरी फोन करताना एवढं लक्षात ठेवा. लंडनला रात्रीची जेवणं उरकून नऊला निवांत बसलात, तरी बिलोलीत मध्यरात्र उलटून दीड-अडीच वाजलेले असतात.

ग्रीनिचला एक अख्खा दिवस द्या. नदीतून बोटीनं जाता येतं, किंवा डॉकलँड्स लाइट रेल्वेनं कटी सार्क स्थानकाला उतरून चढ चढत जाता येतं. वेधशाळेच्या आत जायला तिकीट आहे, पण टेकडीवरचं उद्यान सगळ्यांना खुलं आहे आणि पाहण्यासारखं बरंच बाहेरच आहे. फाटकाजवळच्या भिंतीत १८५२ साली बसवलेलं घड्याळ पाहा. त्याची तबकडी चोवीस तासांची आहे, त्यामुळे दुपारी बाराला तासकाटा वर नाही, तळाशी असतो. उन्हाळ्यातही ते पुढे करत नाहीत, म्हणून मे-जूनमध्ये ते तुमच्या मोबाइलपेक्षा तासभर मागे दिसेल. ते बिघडलेलं नाही, ते मूळ ग्रीनिचची वेळ पाळतंय. इमारतीच्या शिखरावर एक लाल गोळा आहे. १८३३ पासून तो ठरलेल्या वेळी खांबावर चढतो आणि बरोबर एकला खाली पडतो. थेम्समध्ये नांगरलेल्या जहाजांचे कप्तान त्याच्याकडे पाहून आपली घड्याळं लावत, कारण भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे कळायचा भरवशाचा मार्ग म्हणजे ग्रीनिचची अचूक वेळ जहाजावर जपून नेणं. पाऊणच्या सुमारास टेकडीवर पोचा, म्हणजे गोळा चढतानाही दिसेल.

आणि मोबाइल बाहेर काढा. शून्य रेषा दाखवणाऱ्या धातूच्या पट्टीवर उभं राहिलात तरी उपग्रहांवर चालणारा नकाशा शून्य दाखवणार नाही. आजची खरी शून्य रेषा तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, उद्यानातून जाते. जुन्या खगोलशास्त्रज्ञांनी आपली दुर्बीण ओळंब्याच्या आधारानं सरळ केली होती. पृथ्वीचं वस्तुमान सगळीकडे सारखं पसरलेलं नसल्यामुळे ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे नेमका रोखलेला नसतो, किंचित कलतो. उपग्रह केंद्रापासून मोजतात. तेवढ्याशा कलण्यानं शंभर मीटरचा फरक पडला.

या रेषेशी आपल्या भागाचा संबंध फक्त घड्याळापुरता नाही. बिलोलीच्या पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटरवरून, बोधनच्या बाजूनं, ७८ अंश पूर्व रेखांश जातो. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली भारताची महामोजणी याच रेखांशाला धरून उत्तरेकडे सरकली. टेकड्यांवर, बुरुजांवर खुणा लावून त्रिकोणामागून त्रिकोण मोजत ती माणसं बिदरकडून निजामाच्या मुलखातून वऱ्हाडाकडे गेली. त्यांचा कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता, तो लंडनमध्येच विल्यम कॅरी यांच्या कारखान्यात घडवलेला. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारले, त्यांची समाधी तिथेच आहे. मोजणी पुढे नेली जॉर्ज एव्हरेस्ट यांनी. आपल्या गावाचं पृथ्वीवरचं स्थान आज अंश-कलांत सांगता येतं, त्याचा पाया या पायपिटीनं घातला. ग्रीनिचला उभं राहून हे आठवलं की ती पट्टी परकी वाटत नाही.

आता कधी जायचं ते. बिलोली १८.८ अंश उत्तरेला, लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. रात्री ध्रुवतारा शोधा आणि हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. बिलोलीत ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींवर असतो, लंडनला पाच मुठींवर. तारा तोच, आपणच गोलावरून वर सरकलेले असतो. आपल्याकडे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. लंडनला असा दिवस कधीच येत नाही. भर जूनमध्येही सूर्य ६२ अंशांच्या वर चढत नाही, आणि डिसेंबरात दुपारी तो जेमतेम पंधरा अंशांवर असतो.

याचा खिशावर आणि पायांवर थेट परिणाम होतो. जूनमध्ये तिथला दिवस साडेसोळा तासांचा असतो, सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. मुक्कामाचा खर्च तोच, पण फिरायला दुप्पट उजेड मिळतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात पावणेआठ तासांचा दिवस, चार वाजायच्या आत अंधार. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या पार असतो, शाळा-कॉलेजांना सुट्ट्या असतात. तेव्हाच निघा. मेचा मध्य ते जूनची अखेर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो.

पावसाबद्दल मात्र मनातलं चित्र बदलून जा. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. नांदेड जिल्ह्याची सरासरी ९०० च्या आसपास आहे! आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथला बारा महिने थोडाथोडा झिरपतो. म्हणून मोठी छत्री नको, टोपी असलेलं हलकं जाकीट घ्या. पाऊस आला म्हणून तिथे कोणी आडोशाला थांबून राहत नाही, तुम्हीही चालत राहा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही. ब्रिटनचा पाहुणा-व्हिसा वेगळा काढावा लागतो. साधारणपणे तो सहा महिन्यांच्या मुक्कामापर्यंतचा असतो आणि प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे द्यायला मात्र केंद्रावर जावं लागतं. सीमेवरच्या आपल्या लोकांनी मुंबईचा विचार सोडावा. हैदराबादेत केंद्र आहे, तिथून लंडनला थेट विमानही आहे, आणि बोधन-निजामाबादमार्गे किंवा धर्माबादला रेल्वे धरून हैदराबाद कितीतरी जवळ पडतं. फी आणि नियम बदलत राहतात, ते ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावरच पाहा, एजंटाच्या तोंडी माहितीवर राहू नका. प्रवासाचा आरोग्यविमा काढल्याशिवाय ज्येष्ठांनी विमानात पाऊल ठेवू नये. परदेशी पाहुण्याला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर बिल फार मोठं येतं.

सामान भरताना आईचा जीव पेढ्यांत आणि घरच्या तुपात अडकतो. ते घरीच ठेवा. आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. शेंगदाण्याची चटणी, तिखट, मेतकूट, तीळ असं कोरडं न्या. वीज आपल्याइतक्याच दाबाची आहे, पण सॉकेटची भोकं चौकोनी. जुळवणारा प्लग इथूनच घेतलेला बरा.

आणि आता जमिनीखाली चला, कारण लंडन खरं कळतं ते तिथे. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला धावली. त्यानंतर दहाच वर्षांत, १० जानेवारी १८६३ ला, लंडनमध्ये रेल्वे जमिनीखालून धावू लागली, आणि तीही कोळशाच्या इंजिनावर! बेकर स्ट्रीट स्थानकात त्या पहिल्या मार्गाचे विटांचे फलाट अजून वापरात आहेत. वरून खाली येणारे उजेडाचे तिरके झरोके पाहा, धूर बाहेर जायला ते ठेवले होते.

एवढी भुयारं खणता आली ती मातीमुळे. शहराखाली चिकणमातीचा जाड थर आहे. पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशी हा गाळ साचला, त्यात ताडवर्गीय झाडांची अश्मीभूत फळंही सापडतात. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ही माती ओळखीची वाटेल. आपली काळी माती जशी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तशीच ही फुगते-आक्रसते आणि कोरड्या वर्षी लंडनच्या घरांच्या भिंतींना तडे जातात. पण खोलवर ती घट्ट आणि एकसंध आहे, खणली की कोसळत नाही, पाणी झिरपू देत नाही. नदीच्या दक्षिणेला वाळू-खडीचे थर जास्त म्हणून तिकडे भुयारी मार्ग कमी. मुक्कामाची जागा ठरवताना हे पाहून घ्या. या मातीचा एक तोटाही आहे. शंभराहून अधिक वर्षं गाड्यांची उष्णता तिनं शोषून घेतली. सुरुवातीला १४ अंशांच्या आसपास असलेली भुयारांभोवतीची माती आता काही ठिकाणी २० अंशांच्या वर गेली आहे, ती गाड्यांना थंडावा देईनाशी झाली आहे. उन्हाळ्यात खोल मार्गांवर पाण्याची बाटली जवळ हवीच. डिस्ट्रिक्ट, सर्कल, मेट्रोपॉलिटन हे वरच्या थरातले मार्ग वातानुकूलित आहेत, त्रास होणाऱ्यांनी ते निवडावेत.

स्थानकातला रंगीत नकाशा पाहून अंतर ठरवू नका. हॅरी बेक हा विजेची रेखाचित्रं काढणारा माणूस. त्यानं १९३१ मध्ये ठरवलं की भुयारात बसलेल्याला वरचे रस्ते नको असतात, फक्त कुठे बदलायचं ते हवं असतं. त्यानं रेषा सरळ केल्या, स्थानकं सारख्या अंतरावर मांडली, आणि १९३३ ला छापलेला तो नकाशा जगभरच्या मेट्रोंनी उचलला. फार मोठी कल्पना होती ती. पण नवखा माणूस फसतो. लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन नकाशात लांब दिसतं, प्रत्यक्षात ते तीनशे मीटरही नाही. मध्य लंडनमध्ये एक-दोन स्थानकांसाठी खाली उतरूच नका, चाला.

भाड्याला तिकीट नको, स्पर्शानं चालणारं बँकेचं किंवा फॉरेक्स कार्ड पुरतं. भुयारी रेल्वेत शिरताना आणि निघताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. दिवसभरात ठरावीक रकमेपर्यंत भाडं कापलं जातं, त्यापुढचा प्रवास त्या दिवसापुरता फुकट. सोमवार ते रविवारचीही अशी मर्यादा आहे. ही गणती कार्डावर होते, म्हणून माणशी वेगळं कार्ड आणि दिवसभर तेच कार्ड. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट. सकाळी साडेनऊनंतर निघालात तर रेल्वेचं भाडं कमी पडतं. हीथ्रोवरून शहरात यायला एलिझाबेथ लाइन किंवा पिकॅडिली लाइन घ्या, महागड्या एक्सप्रेसची गरज नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा. आणि फुटपाथच्या कडेला मोबाइल हातात मोकळा धरू नका, सायकलवरून येऊन हिसकावतात.

बोलण्याची काळजी करू नका. लंडनच्या शाळांत तीनशेहून अधिक भाषा बोलणारी मुलं आहेत. ज्याच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच दुकानात चालते, त्याला मोडक्या इंग्रजीत हातवाऱ्यांनी काम भागवायला शिकवावं लागत नाही. किराणा वेम्ब्ले, साउथॉल, टूटिंगला मिळतो. नळाचं पाणी निर्धास्त प्या. मराठी माणसं भेटावीत असं वाटलं तर १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिल भागात आहे, स्वतःच्या वास्तूत.

मोठी सरकारी संग्रहालयं फुकट आहेत, आणि मला हे त्या शहराचं सर्वांत मोठं दान वाटतं. त्यातल्या एकाशी मराठवाड्याचं जुनं नातं आहे. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं तिथे राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रती रंगवल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा त्याच अंधारात जाऊन बसले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. १८८५ पर्यंत काम चाललं, प्रती साउथ केन्सिंग्टनला पोचल्या, आणि तिथेही आग लागून बऱ्याच गेल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. मूळ भिंतींवर त्यानंतर जे झिजलं, पुसलं गेलं, त्यातलं काही आता फक्त या कॅनव्हासवर उरलं आहे. बहुतेक प्रती कायम मांडलेल्या नसतात, तेव्हा जाण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर शोधून घ्या. ब्रिटिश लायब्ररीतही जा. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टाच्या उरलेल्या चार प्रतींपैकी दोन तिथे आहेत.

शेवटचं ठिकाण चुकवू नका. नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्मला उतरा आणि प्रिमरोझ हिलच्या दिशेनं दहाएक मिनिटं चाला. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. १९१६ मध्ये ते लंडनला आले होते, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ ला शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये ते परत गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय या तीन ठिकाणी ती वर्षं गेली. एमएस्सी, बॅरिस्टरी आणि १९२३ ला डीएस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध याच काळातला. हे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. घर पाहून झालं की प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर चढा, सगळं मध्य लंडन समोर दिसतं, तेही फुकट.

ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी मराठवाड्यानं १९९४ पर्यंत इतकं सोसलं, त्या नावाचा माणूस या रस्त्यानं वाचनालयाकडे जात होता. आज अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवणारी महाराष्ट्र सरकारची योजना राजर्षी शाहू महाराजांच्याच नावानं आहे. घरात किंवा शेजारी कोणी हुशार मूल पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल, तर समाजकल्याण विभागाकडे या योजनेची चौकशी आत्ताच करा. अर्जाची मुदत दरवर्षी जाहीर होते आणि परदेशी विद्यापीठातला प्रवेश त्याआधी हातात असावा लागतो.